गौरवग्रंथातला पहिला लेख

लंडनमधल्या पिनरला आमच्या रस्त्यावर तेव्हा चार मराठी घरं होती आणि चारही घरांत मला एकच प्रश्न विचारला जायचा. "तुझे मिस्टर कुठे असतात?" म्हणजे कुठल्या कंपनीत. मी सांगायचे, युनिव्हर्सिटीत. चेहरे जरा उजळायचे. काय शिकवतात? तिबेटी. चेहरे परत जागेवर. एकीने तर भर हळदीकुंकवात विचारलं, "म्हणजे ते ध्यानबिन का गं? आमच्या ह्यांचं बीपी वाढलंय, येतील का जरा घरी?" तिच्या नवऱ्याचं बीपी सॉफ्टवेअरची डेडलाइन आली की वाढायचं आणि वीकेंडला उतरायचं. त्यात तिबेटचा काही संबंध नव्हता.

माझा नवरा ध्यान शिकवत नव्हता. त्याला स्वतःला पाच मिनिटं एका जागी बसवत नाही. बाराशे वर्षांपूर्वीची तिबेटी माणसं बोलताना तोंड कसं उघडायची, हे शोधून काढणं हा त्याचा व्यवसाय. तिबेटीत एकेका शब्दात चार-पाच अक्षरं लिहितात आणि बोलताना त्यातली दोन-तीन गिळून टाकतात. उरलेली नुसती लिहायची. ही मुकी अक्षरं एके काळी बोलली जायची, आणि ती भाषेत मुळात आली कुठून, यावर हिरिरीने भांडणारी जगातली सगळी माणसं एका मिनीबसमध्ये मावतील. माझा नवरा त्या मिनीबसमध्ये होता. मागच्या सीटवर, पण होता.

लंडनला आम्ही आलो ते माझ्या वर्क परमिटवर. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोक हमखास उलटं धरून चालायचे. मी एका बँकेत रिस्क बघायचे. कोणी कुठे आपल्याच पायावर धोंडा मारून घेतोय ते आधी ओळखायचं आणि वरच्यांना सभ्य भाषेत कळवायचं, एवढंच माझं काम. हा डिपेंडंट म्हणून मागून आला. पुण्यात डॉक्टरेट झालेली, त्याआधी कर्नाटकात मुंडगोडच्या तिबेटी वस्तीत एक अख्खं वर्ष राहून भाषा शिकलेला. इथे युनिव्हर्सिटीने त्याला एका वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट दिलं. मग आणखी एका वर्षाचं. दर ऑगस्टमध्ये डिपार्टमेंटला आठवण व्हायची की हा माणूस अजून इथेच आहे, आणि दर ऑगस्टमध्ये आमच्या घरात जेवताना कोणी बोलायचं नाही.

ऑक्टोबरात त्याचा वर्ग भरलेला असायचा. हातात माळा, गळ्यात लोकरीची उपरणी, सगळ्यांना शांती हवी. नोव्हेंबरात क्रियापदं सुरू झाली की शांती खिडकीतून बाहेर. ख्रिसमसनंतर उरायचे तिघं. एक मुलगी खरंच शिकायची, एकाला विषय बदलायला उशीर झालेला असायचा आणि एक रेडिएटरजवळ ऊब घेत बसायला यायचा. नवरा तिघांनाही सारख्याच उत्साहाने शिकवायचा. मी म्हणायचे, अरे त्या रेडिएटरवाल्याला तरी सोड. तो म्हणायचा, नाही, त्याचा उच्चार चांगला आहे.

या डिपार्टमेंटचा मुख्य म्हणजे प्रोफेसर. तिथे सगळे त्याला पहिल्या नावाने हाक मारायचे. माझ्या नवऱ्याच्या तोंडून ते कधी निघालं नाही, तो 'सर'च म्हणायचा. मी घरात 'म्हातारा' म्हणायचे. म्हातारा सायकलने यायचा आणि पँट चेनमध्ये अडकू नये म्हणून लावलेली सायकलची क्लिप दिवसभर काढायचा नाही. जुन्या तिबेटीतला जगातला मोठा माणूस म्हणे. पण एखादा तिबेटी माणूस भेटायला आला तर हा त्याच्याशी इंग्रजीत बोलायचा, कारण आजचे तिबेटी लोक फार चुकीचं बोलतात असं त्याचं मत होतं. तिबेटला तो कधी गेला नव्हता. तिथली हवा विरळ आहे म्हणायचा. वाळवंटातल्या एका गुहेत सापडलेले जुने कागद हाच त्याचा तिबेट, आणि त्या कागदांवरून त्याने एक सिद्धांत मांडला होता. ती मुकी अक्षरं तिबेटीची नाहीतच, शेजारच्या भाषांकडून उसनी आलेली आहेत. त्यावर त्याचं जाडजूड पुस्तक होतं. मिनीबसमधली सगळी मंडळी त्या पुस्तकावर वाढलेली.

पहिल्याच दिवशी म्हातारा माझ्या नवऱ्याला म्हणाला होता, "एक दिवस तू मला खोटं पाड. यापेक्षा मोठा मान मला कोणी देऊ शकणार नाही."

आता असं वाक्य माझ्या बँकेत रोज बोललं जायचं. "माझा दरवाजा तुमच्यासाठी कायम उघडा आहे" असं सांगणारे साहेब मी पाहिले होते, आणि त्यांच्या बंद दरवाजाबाहेर तिष्ठत उभीही राहिले होते. इंग्रज माणूस असं बोलतो तेव्हा मान डोलवून थँक यू म्हणायचं असतं. माझ्या नवऱ्याने ते ऐकून कामाला सुरुवात केली.

त्यात दोष मुंडगोडचाही होता. तिथे मठाच्या अंगणात रोज संध्याकाळी वादविवाद चालतो. एक जण खाली मांडी घालून बसतो, दुसरा समोर उभा राहून प्रश्न टाकतो आणि प्रत्येक प्रश्नाला पाय आपटून जोरात टाळी वाजवतो, बसलेल्याच्या अगदी नाकासमोर. कधी बसलेला गुरू असतो आणि उभा शिष्य. शिष्याने गुरूला गप्प केलं की अंगणभर हसू आणि सगळ्यांत मोठ्याने हसतो तो गुरू. हे वर्षभर बघून माझ्या नवऱ्याची खात्री झाली होती की विद्या अशीच चालते. मुंडगोडला चालत असेल. लंडनच्या त्या इमारतीत लिफ्टमध्ये सुद्धा कोणी मोठ्याने बोलत नाही, हे त्याच्या ध्यानात यायला हवं होतं.

आम्हाला येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा म्हाताऱ्याच्या रिटायरमेंटची बातमी आली. आणि तिच्यामागून खरी बातमी. त्याच्या जागी एक पर्मनंट पोस्ट भरणार होते. पर्मनंट. दर ऑगस्टची ती टांगती तलवार संपणार. नेमकं त्याच महिन्यात माझ्या बँकेने मला बर्मिंगहॅमला टीम देऊ केली. माझी स्वतःची टीम. मला ती हवी होती, अगदी मनापासून हवी होती. पण पोस्ट लंडनला, तिबेटी काही बर्मिंगहॅमला मिळत नाही, आणि आठवड्याला दोन घरं करायची माझी तयारी नव्हती. मी नाही म्हणून कळवलं. नवऱ्याला म्हटलं, "आता ही पोस्ट घरी आण. बाकी मला काही नको."

"आणतो की," तो म्हणाला. तेव्हा तो ते अगदी खरं बोलत होता.

या लोकांत एक पद्धत आहे. मोठा माणूस रिटायर होतो तेव्हा शिष्य आणि मित्र मिळून त्याला एक ग्रंथ भेट देतात. ते त्याला जर्मन नावाने ओळखतात, आपल्याकडे गौरवग्रंथ म्हणतात. प्रत्येकाने एक लेख द्यायचा. सगळं गुपचूप. ज्याचा गौरव त्याला शेवटच्या दिवसापर्यंत कळू द्यायचं नाही. म्हाताऱ्याला अर्थात पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याने आपला एक बरा फोटो टेबलावर दिसेल असा ठेवून दिला होता, कोणाला लागला तर असावा म्हणून.

ग्रंथाचं संपादन करत होता डिपार्टमेंटमधलाच एक तरुण. नवऱ्यापेक्षा लहान, केस कायम नुकतेच धुतल्यासारखे, आणि त्याच पर्मनंट पोस्टसाठी अर्ज केलेला. त्याच्या लेखाचा विषय होता म्हाताऱ्याच्या सिद्धांताला मिळालेले नवे पुरावे. हा शहाणा. शाल, श्रीफळ आणि वर हारसुद्धा. बाकीच्यांनी दिले ते लेख म्हणजे घरात कुठेतरी पडलेलं होतं ते पुसून दिलेलं. गौरवग्रंथात कोणी आपलं चांगलं काम घालत नाही, कारण ते कोणी वाचत नाही. हे मला, रिस्कमधल्या बाईला, आठवड्याभरात कळलं होतं.

माझ्या नवऱ्याने आपलं सगळ्यांत चांगलं काम काढलं. पाच वर्षांचं. त्यात त्याने दाखवलं होतं की ती मुकी अक्षरं उसनी नाहीतच, ती घरचीच आहेत, तिबेटीच्या पोटातून आलेली. म्हणजे म्हाताऱ्याचं अख्खं पुस्तक चूक. तेही म्हाताऱ्याच्याच त्या गुहेतल्या कागदांवरून.

हे मला कळलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते आणि तो लसूण सोलत होता. मी लाटणं खाली ठेवलं.

"अरे, सत्काराला माणूस शाल घेऊन जातो. तू पंचनामा घेऊन चाललायस."

"त्यांनीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "यापेक्षा मोठा मान नाही असं."

"ते बोलायची पद्धत असते. तुला लहान मुलासारखं समजावून सांगू का?"

"माझ्याकडे यापेक्षा चांगलं काही नाही. मग सरांना दुसरं काय देऊ?"

"दुसरं काहीही दे. एखाद्या जुन्या पोथीचं वर्णन दे. हा लेख ठेव कपाटात, आधी पर्मनंट हो, मग छाप ना, कोण अडवतंय?"

त्याने लसणीची पाकळी हातात धरून बराच विचार केला. मला वाटलं, शिरलं डोक्यात. मग म्हणाला, "तेव्हा ते रिटायर झालेले असतील. त्यांच्या माघारी बोलल्यासारखं होईल. हे तोंडावर बोलायला हवं." आणि मुंडगोडचं ते अंगण त्याला आठवलं असावं, कारण त्याने लसणीच्या हातांनी माझ्या नाकासमोर एक टाळी वाजवली आणि हसला.

मी हसले नाही. मी त्याला सांगितलं की मी बर्मिंगहॅम सोडलंय. तो म्हणाला, मला माहीत आहे. आणि खरंच त्याला माहीत होतं, तो काही बेफिकीर माणूस नव्हता. त्याला फक्त या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध दिसत नव्हता. एक नोकरी होती आणि एक खरं होतं, आणि खरं सांगितल्यावर नोकरी मिळणार नाही असं जगात घडू शकतं, हे त्या पंडिताला पटेना. मी पोळ्या करपवल्या.

त्या धुतलेल्या केसांच्या संपादकाला लेख मिळाला त्याच दिवशी त्याचा फोन आला. अप्रतिम आहे, म्हणाला. इतका महत्त्वाचा लेख मागे कुठे टाकायचा, आपण हा पहिलाच घेऊ. नवरा जवळच्या हॅरोला जाऊन पेढे घेऊन आला. "बघ," म्हणाला, "प्रतिस्पर्धी असून मला पहिलं स्थान दिलं. तू उगाच सगळ्यांवर संशय घेतेस." मी कपाळाला हात लावला. पेढा मात्र खाल्ला, चांगला होता.

ग्रंथ द्यायचा समारंभ डिपार्टमेंटच्याच एका खोलीत झाला. प्लास्टिकच्या ग्लासात कोमट वाइन आणि ताटलीत क्रिस्प्स. एवढ्या मोठ्या विद्वानाचा निरोप, आणि आमच्या सोसायटीच्या मीटिंगला यापेक्षा बरा चिवडा असतो. संपादकाने भाषण केलं, म्हातारा आश्चर्य वाटल्यासारखा दिसला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग म्हाताऱ्याने ग्रंथ उघडला. पहिला लेख. उभ्याउभ्या त्याने पहिलं पान वाचलं, उलटलं, दुसरं वाचलं. खोलीत गप्पा चालू होत्या, पण मी बघत होते. त्याचा चेहरा जराही हलला नाही. मग त्याने माझ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे फारच उदार आहे तुझं."

नवऱ्याचा चेहरा फुलला. माझ्या बँकेत मात्र कोणी असं म्हटलं की आम्ही दुसऱ्या दिवशी आपापली टेबलं आवरून ठेवायचो.

तीन आठवड्यांनी इंटरव्ह्यू झाले. म्हातारा पॅनेलवर नव्हता, नियमात बसत नाही. पण पॅनेलने त्याचं मत विचारलं हे कॉरिडॉरमधल्या झाडणाऱ्यालाही माहीत होतं. पोस्ट संपादकाला मिळाली. नवऱ्याला सांगितलं की तुझं संशोधन फार तगडं आहे, पण डिपार्टमेंटला तू 'फिट' होत नाहीस. हा शब्द मी पँट विकत घेताना वापरते. ऑगस्टमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि या वेळी डिपार्टमेंटला आमची आठवण झाली नाही. बर्मिंगहॅमची टीम कधीच दुसऱ्या कोणाला गेली होती. मी आठवडाभर नवऱ्याशी बोलले नाही. तो मला रोज सकाळी चहा करून द्यायचा आणि मी तो न बोलता प्यायचे.

मग तो हाउन्सलोला जायला लागला. तिथे एका कॉलेजात नव्याने आलेल्या लोकांना इंग्रजी शिकवायचं. एअरपोर्टवर काम करणारे, दुकानांत काम करणारे, दिवसभर राबून संध्याकाळी वर्गाला येणारे. पिनरहून तिथे बसने जाणं म्हणजे शिक्षा. त्याने एकदाही कुरकुर केली नाही. त्याच्या वर्गातून क्रियापदं आल्यावर कोणी पळून जात नाही, हे त्याने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं. तिकडे डिपार्टमेंटमध्ये नव्या साहेबांनी पहिल्या वर्षातून क्रियापदंच काढून टाकली. ऐकलं की वर्ग तुडुंब भरतात.

दोन वर्षं गेली असतील. एका रविवारी सकाळी म्हाताऱ्याचा फोन आला. काही गोष्टी विचारायच्या आहेत, घरी येऊ का? माझं म्हणणं होतं, सांग वेळ नाही. नवऱ्याने सांगितलं, जेवायलाच या. सायकल नव्हती, म्हातारा ट्यूब रेल्वेने आला. पण पँटला क्लिप होतीच.

मी स्वयंपाक केला. घरी आलेल्याला उपाशी ठेवायचं नाही एवढं मला कळतं. वरणभात, बटाट्याची भाजी, शिरा. म्हाताऱ्याने पिशवीतून गौरवग्रंथ काढला. पहिल्या लेखाच्या समासांत पेन्सिलीच्या खुणाच खुणा, पानांच्या कडा मळून काळ्या पडलेल्या. बाकीचा ग्रंथ कोराच दिसत होता, दोन-तीन पानं तर अजून एकमेकांना चिकटलेली. दोघं डायनिंग टेबलावर डोकं खाली घालून बसले ते बसलेच. हे उदाहरण कुठलं, तो कागद पुढून वाचला की मागून, ही शाई वेगळी नाही का. वरणावर साय धरली. मी दोनदा गरम केलं.

शेवटी जेवायला बसले. शिऱ्याचा घास घेत म्हातारा सहज म्हणाला, हवापाण्याबद्दल बोलावं तसं, "लेख अर्थातच बरोबर आहे. मला त्याच संध्याकाळी घरी जाताना कळलं होतं."

माझा हात थांबला. त्या संध्याकाळी. इंटरव्ह्यूच्या तीन आठवडे आधी.

मी विचारलं. इंग्रजीतच विचारलं, बँकेत विचारते तसं, एकेक शब्द सुटा. "त्यांनी तुम्हाला मत विचारलं, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही दुसऱ्याचं नाव सांगितलंत."

म्हाताऱ्याने चमचा खाली ठेवला. खोटं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. "लेख चुकीचा असता," तो म्हणाला, "तर मी याचंच नाव सांगितलं असतं. चुकीच्या लेखाचा मला काय त्रास होता?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी. आता तरी हा माणूस टेबलावर हात आपटेल, ताट बाजूला सारेल, निदान उठून बाहेर जाईल. दोन वर्षं हाउन्सलोच्या बसमध्ये लोंबकळत गेलेली, माझं बर्मिंगहॅम गेलेलं, आणि ते घालवणारा समोर बसून माझा शिरा खात होता.

नवरा पुढे झुकला. "म्हणजे शेवटचा पुरावा तुम्हाला पटला?"

"पटला," म्हातारा म्हणाला. "तिथे माझं पुस्तक संपतं."

नवरा हसला. मोठ्याने नाही, पण सगळा चेहरा भरून. ती पोस्ट मिळाली असती तरी तो इतका खूश झाला नसता, हे मला तिथे बसल्या बसल्या लख्ख दिसलं आणि ते मला आजही सहन होत नाही. पोस्ट मला हवी होती. त्याला हे एक 'पटला' हवं होतं, आणि ते त्याला मिळालं होतं. दोघांचाही संताप येऊन माझे डोळे भरले. मी भांड्यांच्या निमित्ताने ओट्याकडे वळले.

म्हाताऱ्याची वाटी रिकामी झाली होती. आमच्याकडे रिकामी वाटी दिसली की आग्रह करायचा असतो, तो मी शत्रूलाही केलेला आहे. त्या दिवशी मी केला नाही. पातेलं माझ्या हाताशी होतं आणि मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले.

नवरा उठला. माझ्या मागून हात घालून त्याने पातेलं घेतलं, टेबलापाशी गेला आणि म्हाताऱ्याच्या वाटीत दोन मोठे चमचे शिरा वाढला.

"घ्या ना सर," तो मराठीतच म्हणाला, "अजून खूप आहे."